माळ्यावरचा स्कॅनर सगळ्या घराचा

सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की पुण्यातल्या घराघरांत एकच धांदल उडते. इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराच्या पावत्या, जुना करारनामा, सगळ्याची पीडीएफ आजच्या आज हवी असते. मोबाइलने फोटो काढावा तर पान तिरकं येतं आणि शिक्क्यावर नेमकी आपल्याच हाताची सावली पडते. त्याच घराच्या माळ्यावर मात्र दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला फ्लॅटबेड स्कॅनर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला असतो. नव्या लॅपटॉपवर चालत नाही, म्हणून.

बहुतेक वेळा त्या यंत्राला काही झालेलं नसतं. कीबोर्ड किंवा पेन ड्राइव्ह कोणत्याही कंपनीचा असो, जोडला की चालतो, कारण त्यांच्यासाठी यूएसबीचे सामाईक नियम ठरलेले आहेत. स्कॅनरच्या बाबतीत तसं घडलं नाही. दिवा लाव, मोटर इतकी फिरव, आता ओळ वाच, या हुकमांची भाषा प्रत्येक कंपनीने आपापली ठेवली आणि ती समजणारा ड्रायव्हर सीडीवर दिला. विंडोज बदलली, कंपनीला जुन्या मॉडेलसाठी नवा ड्रायव्हर लिहिण्यात रस उरला नाही, आणि धडधाकट यंत्र माळ्यावर गेलं. मला हा शुद्ध अपव्यय वाटतो.

काचेखाली काय चालतं ते पाहिलं की हे यंत्र टाकून देववत नाही. स्वस्त, चपट्या स्कॅनरमध्ये पानाच्या रुंदीएवढी एक पट्टी असते. तिच्यात लाल, हिरवे आणि निळे एलईडी आळीपाळीने लुकलुकतात आणि शेजारची संवेदकांची रांग प्रत्येक रंगात एक ओळ वाचते. मग मोटर पट्टीला केसभर पुढे सरकवते. ए-फोर पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने, वाचलं तर आडवे २४८० आणि उभे ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू होतात. प्रत्येक बिंदूला रंगाचे तीन बाइट धरले तर एका पानाचा कच्चा माल २६ एमबी. ६०० डीपीआय केलं की तो चौपट, १०४ एमबी. संगणक हा माल वेळेवर उचलत नसेल तर स्कॅनरची स्वतःची छोटी मेमरी भरते, पट्टी थांबते, जराशी मागे येते आणि पुन्हा पुढे निघते. स्कॅन करताना मध्येच येणारा ‘खर्र-टक’ आवाज बऱ्याचदा याचाच असतो. लोक तो ऐकून यंत्र बिघडलं असं समजतात. करारनामा, पावत्या यांना ३०० डीपीआय भरपूर झालं.

आता ड्रायव्हरचं बघू. विंडोजसारखीच, पण फुकट आणि खुली असलेली प्रणाली म्हणजे लिनक्स. तिच्या जगात १९९० च्या दशकापासून ‘सेन’ नावाचा मुक्त प्रकल्प चालू आहे. त्यात लोकांनी शेकडो स्कॅनरच्या भाषा शिकून घेतल्या. काहींची कागदपत्रं मिळाली, काहींच्या बाबतीत यूएसबीच्या तारेतून काय जातं ते बघून अंदाज बांधावा लागला. त्याची रचना मोठी शहाणपणाची आहे. यंत्राशी बोलणारा भाग वेगळा, माणसाला बटणं दाखवणारा भाग वेगळा, आणि दोघांमधले व्यवहार ठरलेले. त्यामुळे हे दोन भाग एकाच संगणकावर असायची गरज उरत नाही. ‘सेनडी’ हा छोटा प्रोग्रॅम ६५६६ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरच्या एका ठरलेल्या दारावर, बसून दुसऱ्या संगणकाचे हुकूम स्कॅनरपर्यंत पोचवतो.

पण त्यासाठी समोरच्या संगणकावरही सेन लागतं, आणि आईच्या मोबाइलवर ते कुठून येणार? ब्राउझर मात्र तिच्या मोबाइलवर असतोच. म्हणून स्कॅनर रास्पबेरी पायसारख्या (पुढे नुसता ‘पाय’) तळहाताएवढ्या, लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला जोडायचा आणि त्यावर ‘स्कॅनसर्व्हजेएस’सारखा प्रोग्रॅम चालवायचा. तो घरापुरतं एक वेबपान उभं करतो. मोबाइलवर १९२.१६८ ने सुरू होणारा त्या पायचा पत्ता टाकला की पान उघडतं: डीपीआय निवडा, रंगीत की कृष्णधवल ते सांगा, ‘स्कॅन’ दाबा. पाय तो हुकूम सेनला देतो, आलेल्या बिंदूंची पीडीएफ करतो आणि पानावर ठेवतो. स्कॅनरची भाषा फक्त पायला कळली की पुरे. पट्टी एकच असल्यामुळे एका वेळी एकाचंच काम होतं, दुसऱ्याने थांबायचं.

आकडे लक्षात ठेवायचे नसतील तर पायच्या नावापुढे ‘डॉट लोकल’ लावूनही तो बहुधा सापडतो. तुमचं यंत्र २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर ‘या नावाचं कोण आहे?’ अशी हाक मारतं आणि पाय उत्तर देतो. ही हाक राउटर ओलांडत नाही. जाड भिंतींच्या वाड्यात किंवा दुमजली घरात वरच्या खोलीसाठी दुसरा राउटर बसवला असेल आणि त्याने आपलं वेगळं नेटवर्क थाटलं असेल, तर खालचा स्कॅनर वर दिसणार नाही. अशा वेळी दुसऱ्या राउटरला नुसता ॲक्सेस पॉइंट करावा, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न थाटता पहिल्याचंच वाय-फाय पुढे पोचवतो.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नये: बाहेरूनही वापरता यावा म्हणून राउटरवर पोर्ट उघडून देणं. अशा वेबपानांना अनेकदा पासवर्ड नसतो, आणि पायवर तुमचं आधार कार्ड आणि करारनामा पडलेले असतात.

नवे वाय-फाय स्कॅनर ‘ईएससीएल’ नावाची सामाईक भाषा बोलतात. तीही वेबचीच आहे: काम सांगायला एक विनंती, तयार पान घ्यायला दुसरी. तसं यंत्र घरात असेल तर हा खटाटोप नको. पण अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जाड पुस्तकांची पानं स्कॅन करायची असतील तर आरसे आणि भिंग असलेला जुना, जाडजूड सीसीडी स्कॅनरच बरा. चपट्या पट्टीला काचेपासून जरा उचललेला मजकूर धूसर दिसतो, त्यामुळे शिवणीजवळच्या ओळी हातच्या जातात.

तापकीर गल्लीत जाऊन पाय विकत घेण्याआधी सेनच्या यादीत आपलं मॉडेल शोधा. तिथे प्रत्येक यंत्रापुढे पूर्ण, चांगला, जेमतेम असा शेरा असतो. काही स्कॅनरच्या पोटात स्वतःचं फर्मवेअरच (यंत्र चालवणारा आतला प्रोग्रॅम) नसतं, ते सुरू होताना संगणकाने पुरवावं लागतं. ती फाइल बहुधा यंत्राबरोबर आलेल्या सीडीत सापडते, तेव्हा माळ्यावर चढाल तेव्हा खोकंही खाली काढा.