प्री गोंकूर दे लिसेआं

फ्रान्समधील ‘लिसे’चे विद्यार्थी मतदानाने निवडतात त्या कादंबरीला दरवर्षी दिला जाणारा साहित्य पुरस्कार. लिसे म्हणजे साधारण १५ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींची शाळा. आपल्याकडच्या दहावी ते बारावीच्या जवळपास जाणारी. पुस्तकांच्या व्यवसायातील ‘फ्नाक’ ही दुकानांची साखळी आणि ब्रिटनी प्रांतातील रेन शहराचे शिक्षण प्रशासन यांनी १९८८ साली, मूळ गोंकूर साहित्य पुरस्कार देणाऱ्या गोंकूर अकादमीच्या संमतीने, तो सुरू केला. पुढे राष्ट्रीय शिक्षण मंत्रालयही आयोजनात आले. फ्रान्समधले बहुतेक मोठे साहित्य पुरस्कार पॅरिसमध्ये ठरतात. या पुरस्काराचे घर मात्र रेन राहिले आहे.

मूळ गोंकूर पुरस्कार १९०३ पासून दिला जातो. दहा सदस्यांची अकादमी पॅरिसच्या द्रुआं उपाहारगृहात जमते आणि विजेत्याच्या हाती १० युरोंचा धनादेश ठेवते. रक्कम नावापुरती; खरी कमाई नंतरच्या खपातून होते. विद्यार्थ्यांचा पुरस्कार याच झाडाची फांदी आहे, कारण मुले वाचतात ती पुस्तके अकादमीने सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर केलेल्या पहिल्या यादीतलीच असतात. पंधराएक कादंबऱ्या, बहुतेक त्याच प्रकाशन-हंगामात बाजारात आलेल्या. यादीबाहेरचे पुस्तक कितीही आवडले तरी मुलांना ते निवडता येत नाही. म्हणून ‘तरुणाईचा स्वतंत्र कौल’ हे वर्णन अर्धेच खरे मानावे लागते: निवड मुलांची, पण निवडीचे कुंपण मोठ्यांनी घातलेले.

वाचन आणि मतदान

सहभाग एकेकट्या विद्यार्थ्याचा नसून अख्ख्या वर्गाचा असतो, आणि या पुरस्काराचे सगळे वेगळेपण इथे आहे. देशभरातून पन्नासएक वर्ग, म्हणजे सुमारे दोन हजार विद्यार्थी, दरवर्षी सामील होतात. त्यांत साहित्याची आवड असलेलेच असतात असे नाही. व्यावसायिक आणि तांत्रिक शाखांचे वर्गही असतात. ज्याने आजवर मनाने एकही कादंबरी हातात घेतली नाही असा मुलगा त्यात असतो आणि त्याचेही मत मोजले जाते. फ्नाक प्रत्येक वर्गाला पुस्तकांचे संच पुरवते. प्रती मोजक्या, वाचणारे जास्त, त्यामुळे एकाचे वाचून होईपर्यंत दुसरा वाट पाहतो आणि वाचून झालेला बाकीच्यांना ‘हे घे’ किंवा ‘याच्या वाटेला जाऊ नकोस’ असे सांगत सुटतो. दोन महिन्यांत सगळी यादी सगळ्यांची वाचून होत नाही. शिक्षक वाचनाचे वेळापत्रक आखतात, चर्चा घडवतात, पण निकाल त्यांच्या हाती नसतो.

याच काळात यादीतले लेखक गावोगावच्या सभागृहांत विद्यार्थ्यांना भेटतात. समीक्षकाच्या प्रश्नांची सवय झालेल्या लेखकाला इथे वेगळ्याच प्रश्नांना तोंड द्यावे लागते: हे पात्र मेलेच पाहिजे होते का, शेवट असा अर्धवट का सोडला, यातले किती खरे. वर्ग आपली पसंती ठरवून प्रतिनिधी निवडतो, ते प्रादेशिक बैठकीत भांडतात, आणि तिथून पुढे गेलेले डझनभर प्रतिनिधी नोव्हेंबरमध्ये रेनला बंद दाराआड अंतिम निवड करतात. प्रतिनिधीची कोंडी अशी की वर्गाने दिलेले नाव पहिल्या फेरीत बाद झाले, तर पुढे कोणाच्या बाजूने उभे राहायचे ते त्याला स्वतःच्या बुद्धीने ठरवावे लागते. २०२० मध्ये साथीमुळे पुस्तकांची दुकाने बंद होती, तेव्हा दोन्ही गोंकूरांची घोषणा लांबली. विद्यार्थ्यांचा निकाल डिसेंबरमध्ये लागला.

विजेते

पहिल्या वर्षी मुलांनी एरिक ऑर्सेना यांची निवड केली आणि अकादमीनेही त्यांनाच गोंकूर दिला होता. १९९५ मध्ये आंद्रेई माकीन यांच्या बाबतीतही तसेच झाले. त्यानंतर २०२४ पर्यंत दोन्ही पुरस्कार एकाच पुस्तकाला मिळालेले नाहीत. मात्र मुलांनी आधी ओळखलेला लेखक पुढे अकादमीला पटला, असे घडले आहे: लॉरां गोदे यांना विद्यार्थ्यांनी २००२ मध्ये निवडले, गोंकूर २००४ मध्ये मिळाला, मातियास एनार यांच्याबाबत ही वर्षे २०१० आणि २०१५. दाव्हिद दियोप यांची पहिल्या महायुद्धातील सेनेगाली सैनिकांवरची कादंबरी २०१८ ची विजेती; तिच्या इंग्रजी अनुवादाने २०२१ चा आंतरराष्ट्रीय बुकर पटकावला.

मुले सोपे, छोटे, गोड पुस्तक निवडतील अशी शंका सुरुवातीपासून घेतली गेली. यादी पाहता ती टिकत नाही. २००९ ची विजेती, जाँ-मिशेल गेनासिया यांची कादंबरी, सातशेहून अधिक पानांची आहे. अहमादू कुरुमा (२०००) यांचा निवेदक पश्चिम आफ्रिकेतल्या यादवीतला बालसैनिक आहे. सॉर्ज शालांदों (२०१३) यांच्या कादंबरीत लेबनॉनच्या युद्धात परस्परांच्या शत्रूंना एकत्र घेऊन ‘आंतिगोन’ हे नाटक रंगभूमीवर आणण्याचा खटाटोप आहे. गाएल फे (२०१६) बुरुंडीतले बालपण आणि शेजारच्या रवांडातला वंशसंहार सांगतात. कॅमेरूनच्या जाइली आमादू आमाल (२०२०) तीन स्त्रियांच्या तोंडून सक्तीचे लग्न आणि सवतींचा संसार मांडतात. हे पुस्तक आधी कॅमेरूनमध्ये वेगळ्या नावाने निघाले होते. क्लारा द्युपों-मोनो (२०२१) यांनी अपंग मूल जन्मलेल्या घराची गोष्ट अंगणाच्या भिंतीतल्या दगडांकरवी सांगितली. नेज सिनो (२०२३) यांचे पुस्तक तर रूढ अर्थाने कादंबरीही नव्हे. सावत्र बापाने बालपणी केलेल्या लैंगिक अत्याचाराचा तो थंड डोक्याने घेतलेला शोध आहे.

आक्षेप घ्यायचाच तर दुसरा घेता येईल. युद्ध, इतिहासाचे घाव, कुटुंबातले दडवलेले सत्य या विषयांकडे मुलांचा कल ठळक आहे. निव्वळ भाषेच्या खेळावर उभ्या असलेल्या पुस्तकाला येथे सहसा वाव मिळत नाही. पण मोठ्यांच्या मंडळांवर जो प्रकाशकधार्जिणेपणाचा आरोप पूर्वापार होत आला, तो या मुलांना चिकटत नाही. त्यांचे कोणत्याही प्रकाशनसंस्थेत काही अडकलेले नसते. पुस्तकविक्रेत्यांनाही विजेत्या पुस्तकावर लागणाऱ्या पुरस्काराच्या पट्टीचे वजन ठाऊक आहे: नाताळच्या तोंडावर येणारा हा निकाल खप मोठ्या प्रमाणात वाढवतो.

अनुकरण

फ्रान्समध्येच १९९२ पासून रनोदो या दुसऱ्या साहित्य पुरस्काराची विद्यार्थी आवृत्ती निघाली. कॅनडातील क्यूबेकमध्ये २००३ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा असाच पुरस्कार स्थापन झाला, तर इटलीत २०१४ पासून स्त्रेगा या साहित्य पुरस्काराला तरुणांची जोड मिळाली. गोंकूर अकादमीच्या यादीवर परदेशातल्या फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपली पसंती जाहीर करायची प्रथा १९९८ मध्ये पोलंडपासून सुरू झाली. ती आता अनेक देशांत चालते आणि त्यांत भारतही आहे.