एसीचं बटण शिकवता का येत नाही?

गेल्या मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकलेला असताना इंदिरानगरातल्या मामांचा फोन आला. "अरे, हा एसी २५ वर अडकून बसलाय. जरा येऊन बघतोस का?"

मामांनी शिकवता येणारा एक युनिव्हर्सल रिमोट आणला होता. दिवाणखान्यातल्या टीपॉयवर टीव्हीचा, सेट टॉप बॉक्सचा, साउंडबारचा, एसीचा आणि नव्या बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या) पंख्याचा असे पाच रिमोट जमले होते. पुस्तिका वाचून मामांनी एकेका रिमोटची बटणं नव्या रिमोटला शिकवली. टीव्ही, बॉक्स आणि साउंडबार मुकाट्याने ऐकू लागले. एसीचं 'तापमान वाढवा' हे बटणही नवा रिमोट शिकला, पण ते कितीही वेळा दाबलं तरी एसी २५ वर जायचा आणि तिथेच थांबायचा. २० वर असला तरी २५ आणि २८ वर असला तरी २५, म्हणजे वाढवायचं बटण दाबून तापमान कमी व्हायचं! रिमोट खराब निघाला, असं मामांचं मत झालं होतं. मला मात्र फार आनंद झाला. रिमोट अचूक काम करत होता, आणि या एका चमत्कारिक वागण्यामागे या छोट्याशा यंत्राचं सगळं तर्कशास्त्र आहे. ते सांगण्यासाठीच हा लेख.

रिमोटच्या टोकाला एक छोटा एलईडी असतो. त्याचा प्रकाश अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड असतो. त्याची तरंगलांबी बहुधा ९४० नॅनोमीटर असते, आणि आपल्या डोळ्यांची मजल साधारण ७०० नॅनोमीटरच्या आसपास संपते. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाश पाडून लाल पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे, तापमापक ठेवला. पारा चढला आणि या अदृश्य किरणांचा शोध लागला. घरी बघायचं असेल तर मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच फोनवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्याला अवरक्त गाळणी असल्यामुळे तिथे तो कधीकधी दिसत नाही. रिमोट मेलाय की टीव्ही, याचा निकाल या चाचणीने अर्ध्या मिनिटात लागतो.

इथे मामींनी एक शंका काढली. रिमोटमधून 'रेडिएशन' येतं, म्हणून तो उशाशी ठेवू नये, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. अशा भीतीवर 'किरणं शोषणारी' स्टिकरं विकणारेही आहेत. ९४० नॅनोमीटरच्या प्रकाशकणाची ऊर्जा देवघरातल्या निरांजनाच्या पिवळ्या उजेडातल्या कणापेक्षा कमी असते. शिवाय बटण दाबलेलं नसेल तर रिमोट काहीच सोडत नाही. स्टिकर एलईडीवर चिकटवलं, तर टीव्ही लागणार नाही, एवढाच त्याचा उपयोग.

आता खरा प्रश्न. अवरक्त किरण काय फक्त रिमोटच सोडतो? खिडकीतलं ऊन, पिवळा बल्ब, गरम इस्त्री आणि आपलं शरीरसुद्धा ते सोडतं. मग या गोंगाटात टीव्ही रिमोटला ओळखतो कसा? अमेरिकेत १९५५ साली यूजीन पॉली यांनी 'फ्लॅशमॅटिक' नावाचा पहिला बिनतारी टीव्ही रिमोट केला, तेव्हा हीच अडचण आली. ती एक साधी टॉर्च होती, आणि टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे डोळे होते. त्या डोळ्यांवर ऊन पडलं की चॅनल आपोआप बदलायचं.

यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो. त्रिपुरी पौर्णिमेला गोदाघाटावर पणत्या लागतात. समजा, तुमचा मित्र पलीकडच्या काठावर टॉर्च घेऊन उभा आहे. टॉर्च नुसती लावून ठेवली तर त्या उजेडात ती हरवेल. पण ठरलेल्या तालात चालू-बंद केली तर हजार दिव्यांतूनही ओळखू येईल. रिमोटचा एलईडी असाच लुकलुकतो, फक्त सेकंदाला ३८,००० वेळा. टीव्हीच्या काळ्या काचेमागे तीन पायांचा एक छोटा रिसीव्हर असतो. तो ३८ किलोहर्ट्झच्या तालाला कान लावून बसलेला असतो. ऊन स्थिर असतं, बल्ब सेकंदाला १०० वेळा थरथरतो, दोन्हींकडे तो दुर्लक्ष करतो. सीएफएल दिव्यांचं मात्र त्याला वावडं आहे, कारण त्यांच्या आतलं सर्किटही काही दशसहस्र वेळा थरथरतं आणि ताल जवळपास जुळतो.

हा ताल म्हणजे फक्त आवाजाची पट्टी झाली. शब्द अजून यायचे आहेत. एनईसी या जपानी कंपनीची पद्धत जगभर पसरली आहे, म्हणून तिचं उदाहरण घेऊ. सुरुवातीला ९ मिलिसेकंद सलग लुकलुकाट आणि मग ४.५ मिलिसेकंद शांतता. याचा अर्थ 'ऐका, बोलतोय'. त्यानंतर ३२ बिट येतात, म्हणजे ० किंवा १ असे ३२ आकडे. प्रत्येक बिटाची सुरुवात ०.५६ मिलिसेकंदाच्या झुबक्याने होते, आणि तेवढ्यात एलईडी सुमारे २१ वेळा लुकलुकतो. ० असो की १, झुबका तेवढाच. फरक असतो पुढच्या शांततेत. शांतताही ०.५६ मिलिसेकंदाची असली तर ०, आणि तिप्पट, म्हणजे १.६९ मिलिसेकंदाची असली तर १.

या ३२ बिटांत आधी ८ बिटांचा पत्ता असतो, म्हणजे हा निरोप कोणत्या उपकरणाला आहे ते. मग त्याच ८ बिटांची उलटी प्रत येते, जिथे ० होता तिथे १ आणि १ होता तिथे ०. पुढे ८ बिटांचा हुकूम आणि त्याचीही उलटी प्रत. मूळ आणि उलट जुळले नाहीत तर टीव्ही निरोप टाकून देतो. म्हणजे चूक पकडायची सोय झाली. पण यात आणखी एक गंमत दडलेली आहे. प्रत्येक बिटासोबत त्याचा उलटा बिट येत असल्यामुळे हुकूम कोणताही असला, तरी एकंदर १६ शून्यं आणि १६ एकच असतात. शून्याला १.१२५ आणि एकाला २.२५ मिलिसेकंद लागतात. गुणाकार करा: १८ अधिक ३६, म्हणजे ५४. त्यात सुरुवातीचे १३.५ मिळवले की ६७.५ मिलिसेकंद. आवाज वाढवा, चॅनल बदला की टीव्ही बंद करा, प्रत्येक निरोप तेवढ्याच लांबीचा. बटण दाबून धरलं तर तोच निरोप पुन्हा जात नाही, दर ११० मिलिसेकंदांनी 'तेच चालू दे' असा एक आखूड इशारा जातो. हे कागदावर पहिल्यांदा मांडलं, तेव्हा एखादी नीट बसलेली ओवी वाचल्यासारखं वाटलं होतं.

प्रत्येक कंपनीची बोली निराळी. सोनीचा ताल ४० किलोहर्ट्झचा, फिलिप्सच्या आरसी-५ चा ३६ चा. आरसी-५ मध्ये एक खास बिट असतो. बटण सोडून पुन्हा दाबलं की तो उलटतो, त्यामुळे टीव्हीला नवी दाब आणि धरून ठेवलेली दाब यातला फरक कळतो. शिकाऊ रिमोटने ऐकलेलं जसंच्या तसं म्हटलं तर हा बिट कधीच उलटत नाही, मग चॅनल ५५ साठी ५ दोनदा दाबलं तरी टीव्ही एकदाच मोजतो.

युनिव्हर्सल रिमोट दोन प्रकारे तयार होतो. एकात कारखान्यातच अनेक बोलींचा कोश भरलेला असतो, आणि आपण आपल्या कंपनीचा आकडा टाकायचा. दुसरा प्रकार मामांचा, ऐकून पाठ करणारा. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी १९८७ साली असाच शिकणारा रिमोट बाजारात आणला होता. शिकवताना दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून बोटभर अंतरावर ठेवावेत, जुन्यात नवे सेल घालावेत, पडदा ओढून घ्यावा, आणि बटण पुस्तिकेत सांगितलं असेल तितकंच दाबावं. उगाच धरून ठेवलं तर निरोपाऐवजी तो आखूड इशाराच पाठ होण्याची भीती असते.

आता मामांचा एसी. टीव्हीचा रिमोट 'आवाज एक पायरी वाढव' एवढंच म्हणतो, सध्या आवाज किती आहे ते टीव्हीला ठाऊक असतं. एसीच्या रिमोटला स्वतःचा पडदा असतो, आणि त्यावर तापमान, मोड, पंख्याचा वेग सगळं दिसतं. एसी त्याला उलट काहीच कळवत नाही. म्हणून हिशोब रिमोटच ठेवतो, आणि कोणतंही बटण दाबलं तरी बहुतेक एसींचा रिमोट पूर्ण पत्र पाठवतो: 'चालू राहा, कूल मोड, २५ अंश, पंखा मध्यम, झडप हलती'. 'वाढवा' हा शब्द त्या पत्रात नसतोच. शिकवताना मामांच्या मूळ रिमोटवर २४ होते, बटण दाबल्यावर २५ झाले, आणि नव्या रिमोटने २५ चं पत्र पाठ केलं. पुढे प्रत्येक वेळी त्याने तेच प्रामाणिकपणे वाचून दाखवलं.

ही पत्रं लांबलचक असतात. काही कंपन्यांची शंभराहून जास्त बिटांची, आणि शेवटी बेरीज ताळून बघायचा एक आकडा. स्वस्त शिकाऊ रिमोटची स्मृती अपुरी पडली तर पत्राचं शेपूट तुटतं, ताळा जुळत नाही आणि एसी ढिम्म राहतो. मामांच्या रिमोटची स्मृती सुदैवाने पुरेशी होती.

मग आम्ही बटणांचा विचारच सोडला आणि पत्रं निवडली. मूळ रिमोटवर आधी २४ अंश, कूल, पंखा जोरात असं सगळं जुळवलं, आणि ते पूर्ण पत्र लाल बटणाला शिकवलं. २७ अंश आणि पंखा मंद हे रात्रीचं पत्र हिरव्याला. एसी बंद करण्याचं पत्र निळ्याला. मामांना एसीकडून याहून वेगळं काही हवंच नव्हतं.

एका बटणात सगळं चालू करायची मामांची इच्छा होती, तिथे मात्र अडचण आली. त्यांच्या टीव्हीला चालू आणि बंद यांसाठी एकच हुकूम आहे. टीव्ही आधीच चालू असेल तर सगळं घर सुरू होताना तो एकटाच बंद होतो. चालूचा आणि बंदचा हुकूम वेगळा असलेल्या उपकरणांनाच अशी मालिका नीट जमते. जाहिरातींत 'घरातलं कोणतंही उपकरण' असं म्हणतात, तेही खरं नाही. ब्लूटूथवर चालणारा रिमोट अवरक्त रिमोटला शिकता येत नाही, आणि साध्या पंख्याला ऐकायला कानच नसतो. मामांच्या बीएलडीसी पंख्याला तो आहे. त्याचा वेग वाढवण्याचं बटण सरळ शिकवता आलं, कारण तो टीव्हीसारखा एकेक शब्द ऐकतो.

निघताना मामींनी कागदाची पट्टी कापली, त्यावर 'लाल २४, हिरवा २७, निळा बंद' असं लिहिलं आणि रिमोटच्या पाठीवर चिकटवली.