सीमाभागातील दुचाकींची निवड आणि ‘ॲव्हरेज’ या शब्दाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या कर्नाटकातल्या सीमापट्ट्यात दारात उभ्या असलेल्या मोटारसायकलीकडे बोट दाखवून ‘हीच का घेतली’ असे मालकाला विचारले, तर उत्तरात पहिला शब्द बहुधा ‘ॲव्हरेज’ हाच येतो. मग मेस्त्री, स्पेअर आणि पासिंग (म्हणजे गाडीची आरटीओ नोंदणी) यांचा उल्लेख होतो. वेग आणि दिसणे यांचा नंबर बराच मागे लागतो. एवढ्यावरून इथला गाडीवाला पैशाला चिकट आहे, असा समज बाहेरच्यांनी करून घेतला आहे. तो समज चुकीचा आहे, आणि चुकीचा का आहे हे कळण्यासाठी १९८५ ते २००१ या काळात इथल्या रस्त्यांवर काय घडले ते पाहावे लागते.

त्याआधीच्या काळाला ‘निवड’ हा शब्द फारसा लागू पडत नाही. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि नंबर लागला की मिळेल ती गाडी घरी आणली जाई. मोटारसायकलींत राजदूत ही दूधवाल्यांची गाडी होती, कारण दोन्ही बाजूंना किटल्या अडकवूनही तिची चौकट दबत नसे. जावा आणि १९७३ नंतरची येझदी म्हैसुरात तयार होत असे. बुलेट मद्रासेत तयार होई आणि बेळगावात ती लष्करी छावणीमुळे सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. नोकरी संपवून गावी परतलेल्या जवानाला तिचे आकर्षण असे. लुना १९७२ मध्ये पुण्याहून आली, प्रिया साताऱ्याहून. म्हणजे सीमाभाग पुणे-सातारा आणि म्हैसूर-मद्रास अशा दोन टोकांच्या मधोमध होता आणि कोणत्या टोकाचे सुटे भाग लवकर हाती येतात, यावर पुष्कळ काही ठरत होते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला केंद्राने १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी सहकार्याची वाट मोकळी केली आणि दोन-तीन वर्षांत चार जपानी वळणाच्या गाड्या बाजारात आल्या. सीमाभागाच्या दृष्टीने त्यांतल्या दोनच महत्त्वाच्या ठरल्या. १९८५ मध्ये आलेली हिरो होंडा सीडी १०० फोर स्ट्रोक होती, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेली यामाहा आरएक्स १०० टू स्ट्रोक. टू स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. त्यामुळे जवळजवळ सारख्याच सीसीत आरएक्स ११ अश्वशक्ती देई, तर सीडी सातच्या आसपास थांबे. दोघांना बसवून तवंदी किंवा वंटमुरीचा घाट चढताना हा फरक लगेच जाणवे. मात्र टू स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातो, शिवाय ऑईलचा खर्च वेगळा.

पहिली काही वर्षे कौल टू स्ट्रोकच्या बाजूने होता, हे आज सहसा सांगितले जात नाही. फोर स्ट्रोक गाडी नाजूक असते, तिचे इंजिन एकदा उघडले की पुन्हा पहिल्यासारखे बसत नाही, अशी धास्ती होती आणि ती निराधार नव्हती. फोर स्ट्रोक इंजिनातल्या व्हॉल्व्ह, कॅम आणि टायमिंग चेन या भागांवर हात बसलेला मेस्त्री तालुक्याच्या गावी मिळत नसे. टू स्ट्रोकचे काम मात्र पिढीजात परिचयाचे होते: ब्लॉक काढायचा, बोअर मारायचा, नवा पिस्टन आणि रिंगा घालायच्या आणि संध्याकाळी गाडी परत न्यायची. बेळगावात उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात लेथ आणि बोअरिंगची कामे जागच्या जागी होत असल्याने जुनी टू स्ट्रोक गाडी इथे इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त वर्षे जगली. त्या मेस्त्र्यांचे श्रेय दुचाकींच्या इतिहासात कोणी नोंदवत नाही. ते नोंदवायला हवे, कारण गावातल्या माणसाने गाडी घेण्याआधी सल्ला विचारला तो त्यांनाच.

हे चित्र बदलले ते ‘ॲव्हरेज’ या शब्दामुळे. मूळ इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सरासरी एवढाच आहे. कशाची सरासरी, हे वेगळे सांगावे लागते. मराठीत तो एका लिटरला किती किलोमीटर या एकाच अर्थावर स्थिरावला आणि नुसता स्थिरावला नाही, तर गाडी ‘देते’ अशी वस्तू बनला. गाय दूध देते तशी गाडी ॲव्हरेज देते. दक्षिण कर्नाटकात याच गोष्टीला मायलेज म्हणतात. बेळगावच्या शोरूममध्ये दोन्ही शब्द ऐकू येतात आणि ग्राहक कुठल्या भाषेत विचार करतो, हे तेवढ्यावरून कळते. खरा गुंता मात्र भाषेचा नाही. या एकाच शब्दाखाली निदान तीन वेगवेगळे आकडे नांदत होते आणि लोक एक आकडा ऐकून दुसऱ्याशी वाद घालत होते.

पहिला आकडा जाहिरातीतला. सीडी १०० लिटरला ८० किलोमीटर देते, हे वाक्य घराघरांत पोचले; पण तो आकडा सपाट रस्त्यावर, एका संथ वेगाने, चांगल्या स्थितीतल्या गाडीचा होता. दुसरा आकडा टाकी फुल करून काढायचा आणि तो नोकरदार माणसाचा, कारण टाकी फुल करण्याइतके पैसे एका वेळी खिशात असणे ही त्याची पूर्वअट होती. तिसरा आकडा गावाचा. गाडी रिझर्व्हला, म्हणजे टाकीतल्या राखीव पेट्रोलवर, आली की एक लिटर पेट्रोल टाकायचे, टाकीखालचा कॉक पुन्हा मेनवर फिरवायचा आणि दुसऱ्यांदा रिझर्व्ह लागेपर्यंत किती अंतर झाले ते मोजायचे. मीटरची केबल तुटलेली असेल तर ओळखीच्या अंतरावरून हिशेब होई. बेळगाव ते खानापूर २६ किलोमीटर, मग किती फेऱ्या झाल्या ते पाहायचे. या तिसऱ्या आकड्यात चिखल, चढ, मागे बसलेली माणसे आणि भाजीची पोती हे सगळे आलेले असे. म्हणून तो सर्वांत खरा होता आणि जाहिरातीच्या आकड्यापेक्षा नेहमीच कमी भरे.

या तिसऱ्या आकड्याला एवढे महत्त्व का आले, याचे उत्तर पेट्रोलच्या दरापेक्षा पेट्रोल पंपाच्या जागेत आहे. त्या काळात पंप तालुक्याच्या गावी किंवा हायवेवर असत. जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांतून किंवा चिकोडीच्या आतल्या गावांतून पेट्रोलसाठी जाऊन येण्यातच बरेच पेट्रोल खर्च होई. गावातल्या दुकानात बाटलीतून सुटे पेट्रोल मिळे, ते महाग आणि पुष्कळदा भेसळीचे. अशा ठिकाणी लिटरला वीस किलोमीटर जास्त जाणारी गाडी म्हणजे आठवड्यातली पंपाची एक फेरी वाचणे, रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर टाकीत पेट्रोल असण्याची खात्री असणे. इथे ॲव्हरेज म्हणजे अंतर होते. त्याला काटकसर म्हणणाऱ्यांनी पंपाच्या शेजारी राहून हा हिशेब केला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९९४ मध्ये हिरो होंडाची फोर स्ट्रोक स्प्लेंडर आली तोपर्यंत मेस्त्र्यांचा हात फोर स्ट्रोकवर बसला होता आणि जुनी धास्ती ओसरली होती. धुराचे नियम १९९६ मध्ये कडक झाले आणि त्याच वर्षी आरएक्स १०० बंद झाली. येझदीचा म्हैसूरचा कारखानाही त्याच सुमारास थांबला. या नियमांनी टू स्ट्रोक संपवली असे सर्रास लिहिले जाते. सीमाभागापुरते बोलायचे तर गिऱ्हाईक त्याआधीच दुसरीकडे वळले होते. ऊसबिल हाती आल्यावर किंवा पाडव्याला जी गाडी घरात येई, ती बहुतेक वेळा स्प्लेंडर किंवा पुढे बजाजची बॉक्सर असे. लग्नात जावयाला द्यायची गाडीही हिरो होंडाच हवी, असा हट्ट याच काळात वाढला. हुंड्याला १९६१ पासून कायद्याने बंदी असताना गाडीचे मॉडेल वरपक्षाने ठरवावे आणि कर्ज वधूपित्याने फेडावे, ही या निवडीची काळी बाजू आहे.

पासिंगचा प्रश्न याच काळात टोकदार झाला. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, तर बेळगाव ७५ च्या आसपास. बाजार, दवाखाना, कॉलेज यांसाठी जिकडे जायचे तिकडचीच गाडी घ्यावी, असे वाटणे स्वाभाविक होते. पण दुसऱ्या राज्याचा नंबर असलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर नोंदणी बदलावी लागते आणि कर पुन्हा भरावा लागतो. त्यामुळे पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच ०९ (कोल्हापूर) घ्यावी की सरळ केए २२ (बेळगाव) किंवा केए २३ (चिकोडी) घ्यावी, यावर घराघरांत चर्चा होई. काहींसाठी तो भावनेचा विषय होता. बहुतेकांसाठी तो गाडी विकताना किती पैसे येतील याचा विषय होता आणि म्हणून दोन्ही बाजूंना सहज खपणारे मॉडेल निवडले जाई.

२००१ च्या अखेरीस बजाजची पल्सर आली आणि १५० सीसीची गाडी पहिल्यांदाच शेतकऱ्याच्या मुलाच्या आवाक्यात आली. पुणे-बेंगळुरू मार्ग चौपदरी झाला, तसे कोल्हापूर गाठताना दम असलेली गाडी बरी वाटू लागली. २००९ नंतर डाव्या पायाच्या गिअरची, नव्या इंजिनाची बुलेट गावोगाव दिसू लागली आणि तिच्या मालकाला ॲव्हरेज विचारणे गैर मानले जाऊ लागले. दरम्यान पंप आतल्या गावांपर्यंत पोचले. अलीकडे कर्नाटकात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असल्याने कागलकडची माणसे सीमेवरचे कोगनोळी ओलांडून टाकी भरायला येतात. माल वाहणाऱ्यांची टीव्हीएस एक्सएल मोपेडसुद्धा २०१५ पासून फोर स्ट्रोकमध्ये मिळू लागली.

एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले, तेव्हा कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. कार्बोरेटरचा हवेचे प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू पाव आटा फिरवून ॲव्हरेज वाढवून देणारा मेस्त्री एका दिवसात निरुपयोगी ठरला. कॉक गेला आणि रिझर्व्हची मोजणीही गेली. आता अनेक गाड्यांच्या काट्याशेजारच्या पडद्यावर लिटरला किती किलोमीटर हे आपोआप दिसते आणि ती खरोखरच सरासरी असते. विजेच्या स्कूटरची चौकशी करायला आलेला बेळगावचा ग्राहक मात्र अजूनही ‘एका चार्जिंगला ॲव्हरेज किती’ असेच विचारतो आणि विक्रेता त्याला किलोमीटरमध्ये उत्तर देतो.