साक्ष द्यायची की सुवार्ता सांगायची?

रविवारच्या उपासनेत कुणीतरी पुढे येऊन मुतखड्याचं दुखणं प्रार्थनेनं कसं गेलं ते सांगतं. बाहेर पडताना शेजारची मावशी म्हणते, "छान सुवार्ता सांगितलीस हो!" खरं तर ती साक्ष होती. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये 'साक्ष' आणि 'सुवार्ता' हे दोन शब्द नेहमी जोडीनं येतात आणि मग त्यांची अदलाबदल होते.

साक्ष म्हणजे कोर्टातल्यासारखीच. पाहिलं, भोगलं, तेवढंच बोलायचं. ऐकीव चालत नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात येशूने बरं केलेल्या जन्मांधाला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी धर्मपुढारी, खोदून विचारतात, तो येशू पापी आहे ना? हा म्हणतो, ते मला ठाऊक नाही. मी आंधळा होतो, आता मला दिसतं, एवढं ठाऊक आहे. पुन्हा तेच विचारल्यावर वर त्यांनाच विचारतो, तुम्हालाही त्याचे शिष्य व्हायचंय का? साक्षीदारानं किती बोलावं याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. (आमच्याकडे काहींचा मुतखडा दरवर्षी थोडा वाढतो, ते सोडा.)

सुवार्तेत 'मी' नसतोच. ग्रीकमधला 'एवांगेलिऑन' म्हणजे चांगली बातमी, आणि बातमी घडून गेलेल्या गोष्टीची असते. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ती थोडक्यात सांगतो: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. माझा ताप उतरला काय, न उतरला काय, त्यात फरक पडत नाही. म्हणून "माझं काम झालं, तुमचंही होईल" ही सुवार्ता नव्हे. इतकी प्रार्थना करूनही ज्या घरातलं माणूस गेलं, तिथे हे वाक्य बोलून बघा.

रोजच्या जगण्यात कोणतं कधी, हे समोरच्याच्या प्रश्नावरून कळतं. डबा खाताना सहकारी विचारते, "यजमान आयसीयूत होते तेव्हा तुम्ही इतक्या शांत कशा होतात?" तिला दोन मिनिटांची साक्ष पुरे, पौलाचं तत्त्वचर्चेनं भरलेलं रोमकरांस पत्र उघडू नये. पण "तुम्ही लोक नेमकं मानता तरी काय?" असं कुणी विचारलं, तर स्वतःचं दुखणं उगाळून उपयोग नाही, तिथे बातमीच नीट सांगता आली पाहिजे. नाताळला शेजारी जाणारं करंज्यांचं ताट मात्र दोन्हीत मोडत नाही. त्यात पत्रक सरकवणाऱ्यांचं मला कधी पटलं नाही.

योहानाच्या 4थ्या अध्यायात दोन्ही एकापाठोपाठ दिसतात. शोमरोनी (यहुदी ज्यांना परके मानत त्या समाजातली) बाई येशूशी बोलून घागर विहिरीवर टाकून गावात धावते आणि सांगते, मी केलेलं सगळं ज्यानं मला सांगितलं तो माणूस बघायला चला. ही साक्ष. गाव येतं, येशूला दोन दिवस ठेवून घेतं, आणि मग तिला म्हणतं, आता तुझ्या बोलण्यावरून नाही, आम्ही स्वतः ऐकलंय. ही सुवार्ता.

पुढे ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांचंही असंच झालं, आधी माणूस भेटला, मग त्यांनी स्वतः वाचलं. 1893च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांच्या गप्पा संस्कृत काव्यावरून सुरू झाल्या. उतरण्यापूर्वी त्यानं बायबलचा नवा करार हातात ठेवला आणि वाचायचं वचन घेतलं. टिळक वाचायला बसले आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना.