उकळत्या पातेल्यातला हॉप्सचा चोथा आणि चहाच्या ग्लासातला भोवरा

शनिवारी रात्री साडेदहाला भाच्याचा व्हिडिओ कॉल आला, आम्ही नुकतेच इंदूरच्या सराफा बाजारातून भुट्ट्याचा कीस खाऊन घरी पोचलो होतो आणि त्याच्याकडे अमेरिकेत पोर्टलंडला सकाळचे दहा वाजले होते. त्याने फोन सरळ पातेल्यावरच धरला. भलंमोठं स्टीलचं पातेलं, खाली तोटी, आत हिरवट-तपकिरी काहीतरी, आणि तोटीतून थेंब थेंब गळतंय. "मामा, तू फिजिक्सवाला ना, वीस लिटर अडकलंय, तोटी पार चोक झालीय, काय करू सांग." मागून आई विचारते, काय शिजवून राहिलाय गं हा पोरगा?

तो बिअर बनवत होता, म्हणजे जवाच्या पाण्यात हॉप्स टाकून उकळत होता, आणि त्या हॉप्सच्या चोथ्यानेच तोटी अडली होती. तिकडे १९७९ पासून घरी स्वतःपुरती बिअर बनवायला कायद्याने परवानगी आहे, आपल्या मध्य प्रदेशात लायसन्सशिवाय असं करता येत नाही, तेव्हा इंदूरात कोणी पातेलं चढवू नका. पण त्याचा प्रश्न मला इतका आवडला की मी त्या रात्री दीडपर्यंत किचनमध्ये ग्लास-चमचा घेऊन बसलो होतो, कारण ही अडचण बिअरची कमी आणि गाळण्याची जास्त आहे.

आधी हा चोथा येतो कुठून ते. हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुलं, छोट्या हिरव्या शंकूसारखी, आपल्याकडे हिमाचलात लाहौलमध्येही पिकतात. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी चिकट पूड असते, तिच्यात अल्फा आम्लं असतात. ती पाण्यात नीट विरघळत नाहीत, पण तासभर उकळलं की त्यांच्या रेणूची जोडणी बदलते, अणू तेवढेच राहतात, नुसती मांडणी वेगळी, आणि मग ते विरघळतात आणि कडवटपणा येतो. शिवाय ही आम्लं बरेचसे जंतूही रोखतात. म्हणजे आपल्याला हवं ते सगळं पाण्यात उतरलं आणि उरला पाला. त्यात जवाच्या पाण्यातली प्रोटीन्स उकळीत गोठतात, दूध फाटल्यावर दिसतात तसे कण, तेही त्याच पाल्यात मिसळतात. या सगळ्या गाळाला जर्मन शब्द आहे ट्रूब.

आता भाच्याने काय केलं होतं, तर तोटीच्या आतल्या तोंडाला बारीक जाळी लावली होती. अख्खी फुलं टाकली असती तर ही जाळी चालली असती, कारण फुलं मोठी असतात, एकमेकांवर आडवीतिडवी पडतात, मधे भरपूर वाट राहते आणि त्या थराचीच एक गाळणी तयार होते. पण त्याने वापरल्या होत्या पेलेट, म्हणजे फुलं दळून दाबून केलेल्या गोळ्या. त्या उकळीत फुटतात आणि हिरवं पीठ होतं. ज्याने कधी चिंचेचा कोळ बारीक गाळणीतून काढलाय त्याला पुढचं सांगायला नको, पहिला चमचाभर सरसर उतरतो आणि मग गाळणीवर लगदा बसतो, आपण बोटाने दाबतो तसा तो आणखीच घट्ट होतो.

यामागे एक मोठा कडक हिशोब आहे. बारीक नळीतून किंवा छिद्रातून सावकाश वाहणारा द्रव व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो, म्हणजे छिद्राचा व्यास निम्मा झाला की त्यातून येणारं पाणी निम्मं होत नाही, सोळावा हिस्सा होतं. लगद्यातल्या फटी अशाच बारीक होत जातात. म्हणून जाळी अजून बारीक करणं हा उपाय नाहीच, उलट त्याने तोटी लवकर मरते. लोक हे दरवेळी करतात, मला त्याचं फार वाईट वाटतं.

मग गाळ खाली बसू द्यायचा? हो, पण तिथेही पीठच आडवं येतं. कण द्रवात किती वेगाने बसतो ते त्याच्या आकाराच्या वर्गावर ठरतं, आकार निम्मा तर वेग चौथाई. मी दोन ग्लासांत पाणी घेऊन एकात रवा ढवळला, एकात मैदा. रवा मी चमचा ठेवेपर्यंत तळाशी, मैद्याचं पाणी सकाळी चहाच्या वेळीही गढूळच होतं. आणि गाळ बसला तरी सगळ्या तळावर सारखा पसरतो, तोटीच्या तोंडापर्यंत. तो मधोमध गोळा झाला पाहिजे, तरच काम होतं.

इथे चहा मदतीला येतो. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, उकळून झालेली चहापत्ती टाका, चमच्याने गोल ढवळा आणि चमचा काढून घ्या. वाटतं की पत्ती बाहेर फेकली जाईल, कडेला जाऊन बसेल. पण ती येते मधोमध, छोटा ढीग होतो. आईन्स्टाईनने १९२६ साली याचंच कारण नद्यांच्या वळणांबरोबर समजावून सांगितलं होतं, आणि त्याच्याही आधी १८५७ मध्ये जेम्स थॉमसनने ही गोष्ट मांडली होती.

कारण असं. पाणी गोल फिरतंय म्हणून कडेला थोडं चढतं, तिथे दाब जास्त, मधे कमी. वरच्या पाण्याचा वेग या दाबाशी बरोबर जुळलेला असतो त्यामुळे ते आपल्या चकरेत राहतं. पण तळाला घासणारं पाणी घर्षणाने मंदावतं, दाब मात्र तेवढाच, म्हणून तो त्या मंद पाण्याला आत ढकलतो. मग तळाशी पाणी मध्याकडे येतं, मधून वर चढतं, वर जाऊन कडेला सरकतं आणि भिंतीवरून पुन्हा खाली. पत्ती या प्रवाहाबरोबर मध्यापर्यंत येते, पण वर चढणारं पाणी तिला उचलायला कमी पडतं, म्हणून तिथेच बसते. नदीच्या वळणावर बाहेरचा काठ खचतो आणि आतल्या काठाला वाळू पडते ती अशाच तळच्या प्रवाहाने.

कॅनडात मॉल्सन ब्रुअरीत काम करणाऱ्या हेन्री हडस्टनने १९६० मध्ये हे बिअरच्या टाकीत आणलं, उकळलेला रस कडेने तिरका सोडायचा की तो आपोआप फिरतो. आज मोठ्या ब्रुअरीत हे अगदी नेहमीचं आहे, आणि घरच्या पातेल्यात एक लांब डाव पुरतो.

भाच्याला मी हेच सांगितलं. गॅस बंद कर, उकळी पूर्ण थांबू दे, नाहीतर बुडबुडे सगळं उधळतील. थंड करायची तांब्याची कॉइल आत असेल तर बाहेर काढ. हे फार महत्त्वाचं, मी ग्लासात एक चमचा उभा धरून बघितला तर पत्तीचा ढीग झालाच नाही, सगळी विखुरली. मग कडेने एकाच दिशेने दोनेक मिनिटं ढवळ, डाव काढ, झाकण ठेव, आणि वीस मिनिटं हात लावू नकोस. गरम असतानाच कर, पाणी उकळत्या तापमानाला साध्या पाण्यापेक्षा तिपटीहून जास्त पातळ असतं, गाळ पटकन बसतो. फक्त हात जपून.

जाळी त्याने चिमट्याने ओढून काढली. तोटी मधे नाही, कडेला होती, ते नशीब. त्याने ती पूर्ण उघडली तर ढिगाची कड सुटून परत हिरवं पाणी यायला लागलं, मग मी ओरडून अर्ध्याहून कमी करायला लावली आणि धार स्वच्छ झाली. थोडा गाळ गेला तरी बिघडत नाही, त्यातले स्निग्ध पदार्थ यीस्टला उपयोगीच पडतात, पण खूप गेला तर पाल्याची कच्ची चव उतरते. शेवटचा दीड-दोन लिटर मात्र सोडून दे म्हटलं, तिथे मोह नको. त्याने रिकाम्या होत आलेल्या पातेल्याचा फोटो पाठवला, मधोमध हिरवा ढीग आणि भोवती चकचकीत स्टीलची गोल पट्टी. आईने चष्मा लावून बघितला आणि विचारलं, साजूक तुपाची बेरी अशी एका जागी करता येईल का रे. आता रविवारी लोणी कढवणार आहोत तेव्हा बघू.