मुंबई–लंडन: हवाई वाट कुणी ठरवली?

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलं की हा आकडा येतो. तो दोरा सौराष्ट्र, सिंध, बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, रशियाचा दक्षिण भाग आणि युक्रेन यांच्यावरून जातो. नावं वाचली तरी कळतं, विमान या रेघेवरून सहजासहजी जाणार नाही.

पहिल्यापासून हे असंच आहे. ३० मार्च १९२९ ला इम्पीरियल एअरवेजने लंडन–कराची सेवा सुरू केली, तेव्हा प्रवासाला सात दिवस लागत. त्यात बासेल ते जिनोआ हा टप्पा चक्क आगगाडीचा होता! पुढे भूमध्य समुद्र ओलांडायला पाण्यावर उतरणारं विमान, मग कैरोहून बगदाद, बसरा आणि इराणच्या किनाऱ्याने कराची. १९३२ मध्ये इराणने परवानगी चालू ठेवली नाही, तेव्हा वाट आखाताच्या अरबी बाजूला सरकली आणि शारजाला विमानतळ झाला. प्रवाशांच्या रात्रीच्या मुक्कामासाठी तिथे किल्ल्यासारखी इमारत बांधली गेली.

त्याच वर्षी, १५ ऑक्टोबरला, मुंबई या वाटेला जोडली गेली. लंडनहून कराचीला आलेली टपाल घेऊन जेआरडी टाटा एका इंजिनाच्या ‘पुस मॉथ’ विमानातून निघाले. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतलं पेट्रोल भरलं आणि ते जुहूला उतरले. भारतीय हवाई वाहतुकीच्या इतिहासातला हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. थांबे घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं आणि त्यांची किंमतही मोजावी लागे: १९५० च्या नोव्हेंबरात हेच विमान जिनिव्हाला उतरण्याआधी माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं, ४८ जण गेले. १९६० मध्ये बोइंग ७०७, १९७१ मध्ये जंबो जेट आलं. वेग वाढला, टाकी मोठी झाली, थांबे गळत गेले.

इंधनाचा प्रश्न मिटला, हद्दीचा नाही. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली आणि मग महिन्यामहिन्याने मुदत वाढवत नेली. त्यामुळे भारतीय कंपन्यांना अरबी समुद्रावरून आखाताकडे वळसा घ्यावा लागला. परदेशी कंपन्यांना ही बंदी नव्हती.

त्यात वाऱ्याचाही हात असतोच. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात आणि येताना साधारण तासभर वाचतो. तेव्हा पुढचं विमान पकडायचं असेल, तर किलोमीटरवरून हिशेब न करता त्या दिवसाचं कंपनीचं वेळापत्रक बघावं.