नव्या फ्लॅटची चावी घ्यायच्या आधी हे वाचा (रत्नागिरी, चिपळूण, दापोली, गुहागर भागातल्या आमच्या ग्राहकांसाठी)

नमस्कार मंडळी. आम्ही बिल्डर नाही आणि एजंट पण नाही, बिल्डरने बांधून दिलेलं घर तुम्ही ताब्यात घ्यायच्या आधी तपासून देणं एवढंच आमचं काम. इकडे फ्लॅट घेणारे बरेच जण मुंबई-ठाण्याचे, ते येणार मे महिन्यात नाहीतर दिवाळीला, तेव्हा घर एकदम कोरडं, रंग ताजा, गॅलरीतून समुद्र दिसतोय, मग काय, सही करून मोकळे. आमचं पहिलं सांगणं हेच की जमलं तर घर जुलैमध्ये बघा. वर्षाला 3,000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो इथे आणि तो सरळ वरून पडत नाही, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा भिंतीवर मारतो, त्यामुळे जे काय लपलेलं असतं ते दोन झडीत बाहेर येतं.

बघायचं काय? त्या नैर्ऋत्येच्या भिंतीला आतून हात लावा. बीम आणि भिंत मिळते तिथे आडवी बारीक चीर दिसते का बघा, प्लॅस्टरच्या आधी तिथे कोंबडी जाळी (तारेची बारीक जाळी) मारलेली नसली की ही चीर हमखास येते, मग भिंत जांभ्या चिऱ्याची असो, विटेची असो का ब्लॉकची. खिडकीच्या स्लायडिंग ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता, बाहेर जायची भोकं सिमेंटने किंवा रंगाने बुजलेली असली तर ते पाणी आत बेडरूममध्येच येणार. गच्चीचा उतार पाईपाकडे आहे का ते पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने वर जाऊन बघायचं, डबकं दिसलं की समजा. वरती पत्र्याची शेड असली तर ती कशाशी पक्की बांधलीय ते पण विचारा, निसर्ग आणि तौक्ते वादळात किती पत्रे उडाले ते इकडे सगळ्यांना माहीत आहे.

पावसात येणं नाहीच जमलं तर बाथरूमची पाण्याची टेस्ट तरी सोडू नका. पाणी जायच्या जाळीत कापडाचा बोळा घट्ट दाबायचा, फरशीवर दोन-अडीच इंच पाणी भरून 24 तास ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं. बिल्डरचा सुपरवायझर नको म्हणेल, "साहेब सगळं वॉटरप्रूफिंग केलंय" म्हणेल, मग केलंय तर भीती कसली, भरा पाणी.

खाऱ्या हवेचं वेगळंच. समुद्राजवळच्या बिल्डिंगला रेलिंग साध्या लोखंडाचं असेल तर दरवर्षी रंग मारायची तयारी ठेवा. स्टेनलेस म्हणून 304 ग्रेड लावतात त्यावर पण तांबूस डाग येतात, 316 टिकतं पण महाग असतं म्हणून कोणी आपणहून लावत नाही. कॉलमवर उभी चीर आणि तिच्यातून गंजाचं पाणी उतरलेलं दिसलं तर तो रंगाचा विषय नाही, आतली सळई गंजतेय, तिथे थांबा आणि इंजिनिअरला दाखवा.

आता कागद. इथे आम्ही वकिलाची जागा घेत नाही पण नेहमी दिसणारं सांगतो. बिल्डिंग ज्या जमिनीवर आहे तिचा सातबारा आणि फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) मागाच. कोकणात सामाईक जमिनी भरपूर, एक चुलता बोरिवलीला, एक आत्या सुरतेला, आणि डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटवर सही फक्त गावातल्या भावाची, असली प्रकरणं नंतर फार त्रास देतात. सातबाऱ्यावर इतर हक्कात कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं) नाव किंवा "कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र" असं काही दिसलं तर वकिलाला विचारल्याशिवाय टोकन देऊ नका. चिपळूणला घेत असाल तर 22 जुलै 2021 ला त्या जागेत पाणी कुठपर्यंत आलं होतं ते समोरच्या दुकानदाराला विचारा आणि निळी-लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठपर्यंत येऊ शकतं ते दाखवणाऱ्या रेषा) नकाशावर बघा, दोन्ही करा. किनाऱ्याला असाल तर सीआरझेडची (किनाऱ्याजवळच्या बांधकामाच्या नियमांची) परवानगी पण बघा.

महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर रेरा कायद्याने लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साईटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून बघायला पाच मिनिटं लागतात. पण प्लॉट 500 चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट 8 पर्यंतच असतील तर रजिस्ट्रेशन लागत नाही, आणि आपल्याकडे अशा छोट्या बिल्डिंगा खूप, म्हणून तिथे डबल लक्ष द्या. रेराच्या प्रोजेक्टमध्ये रजिस्टर ॲग्रीमेंट झाल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. रेट कार्पेटवर लावलाय ना ते बघा, कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि गॅलरी धरत नाहीत.

जीएसटी बांधकाम चालू असताना 5 टक्के, पण आपल्याकडे 90 चौरस मीटर कार्पेटपर्यंत आणि 45 लाखांच्या आतलं घर असेल तर 1 टक्का, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलं तर नाहीच. तरी 5 टक्के लावलेलं कोटेशन हातात पडतं कधीकधी, तेव्हा विचारायला लाजू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ ओसीचा म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राचा, बिल्डिंगमध्ये रहायला परवानगी देणाऱ्या सरकारी दाखल्याचा. "ग्रामपंचायतीत घर नंबर पडलाय, लाईटचं मीटर पण आलंय, रहायला या" असं सांगतात. घरपट्टीची पावती म्हणजे ओसी नव्हे. ओसीशिवाय चावी घेऊ नका, मग गणपती नव्या घरात आणायचे कितीही मनात असलं तरी. (हे आम्ही स्वतःच्या नातेवाईकांना पण सांगतो आणि ते ऐकत नाहीत, तो भाग वेगळा.)

ताबा घेतल्यावर 5 वर्षांच्या आत बांधकामातला दोष निघाला तर रेरा कायद्याने बिल्डरने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. फक्त तक्रार लेखी करा, ईमेल किंवा रजिस्टर पत्र, फोटोवर तारीख येऊ द्या, फोनवर "बघतो हो" ऐकून गप्प बसू नका.

तपासणीसाठी आम्हाला बोलवायचं तर चावीच्या तारखेच्या निदान दोन आठवडे आधी सांगा, म्हणजे निघालेली कामं करून घ्यायला वेळ मिळतो. ॲग्रीमेंटची कॉपी आणि मंजूर नकाशा पाठवून ठेवा. त्या दिवशी लाईट आणि टाकीत पाणी चालू पाहिजे, ते बिल्डरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर फेरी फुकट जाते.